नऊ आणि चौदा नंबरची डोकी

"परत गोल!"

मी डोकी मोजायचा कॅलिपर टेबलावर आपटला. टेबल डुगडुगलं आणि वाळूच्या परातीत ठेवलेली अकरा नंबरची कवटी डावी-उजवीकडे हलली. नाही म्हणत होती मेली.

दगडूमामांनी पलीकडच्या टेबलावरून मानसुद्धा वर केली नाही. "त्या कॅलिपरनं काय घोडं मारलंय तुमचं, बाई?"

"कॅलिपरनं नाही हो, या लोकांनी मारलंय. तेरा माणसं! एकाचं तरी डोकं लांब निघावं की नाही?"

"गोल डोकं चांगलं असतंय," मामा म्हणाले, आणि हातातल्या हाडाच्या कपच्यावर फुंकर मारून पुन्हा कामाला लागले.

ही शहाऐंशी सालच्या मार्चमधली गोष्ट. आमची प्रयोगशाळा म्हणजे संस्थेच्या मागच्या बाजूची पत्र्याची लांबट शेड. उन्हाळ्यात पत्रा तापला की आत भाजून निघायचं, आणि पंखा लावायची सोय नाही, कारण हाडांचे बारीक तुकडे आणि नंबरांच्या चिठ्ठ्या उडतात. माझ्या टेबलाचा एक पाय आखूड होता. त्याच्याखाली मी जुने प्रश्नपत्रिकांचे कागद घड्या घालून घालायची, ते आठवड्यात चेपून जायचे, आणि टेबल पुन्हा डुगडुगायला लागायचं. सहा वर्षं मी त्या टेबलाशी भांडले. सुताराला सांगा म्हणून तीन अर्ज दिले. सुतार काही आला नाही.

माझा प्रबंध होता डोकी बांधण्याच्या चालीवर. तान्ह्या बाळाची हाडं मऊ असतात तोवर त्याच्या डोक्याला घट्ट पट्टी बांधायची, ती वर्ष-दोन वर्षं ठेवायची, म्हणजे डोकं वाढताना मागे निमुळतं होत जातं. जगात पुष्कळ ठिकाणची जुनी माणसं हे करत. आपल्याकडे निंबगव्हाणच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, घरांच्या जमिनीखाली पुरलेली जी माणसं सापडली, तीही हे करत होती, असं माझं म्हणणं. उत्खनन बारा वर्षांपूर्वीचं. कवट्या चौदा, सगळ्या चुरा झालेल्या. त्यातल्या तेरा दगडूमामांनी एकेक तुकडा सांधून उभ्या केल्या. चौदावी मी केली, नवीन लागले होते तेव्हा. मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. ती चौदा नंबर सांधून झाली तेव्हा मी शेडमध्ये एकटीच ओरडले होते. काय लांब डोकं! कपाळ मागे कललेलं, मागचा भाग पपईसारखा निघालेला. त्या दिवशी मी विषय नक्की केला आणि त्या दिवसापासून बाकीच्या तेरा कवट्या माझ्याशी वैर धरून बसल्या.

मापं घ्यावीत तर सगळ्या गोल. पुन्हा घ्यावीत, पुन्हा गोल. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती. आता एकतीस मार्च, संध्याकाळी पाच, ही शेवटची. त्याआधी मार्गदर्शकांच्या सहीचा फॉर्म ऑफिसात गेला नाही तर सहा वर्षांचं काम रद्दीत.

त्याच दुपारी माझे मार्गदर्शक मोडक सर शेडमध्ये आले. सर दारातच उभे राहायचे, आतल्या धुळीनं त्यांना शिंका यायच्या.

"काय रेगेबाई, दुसरं लांब डोकं मिळालं का?"

"नाही सर. पण चौदा नंबर..."

"एका डोक्यावर प्रबंध होत नाही. आणि त्या एकाचाही भरवसा काय? वर चार फूट माती तीन हजार वर्षं बसली तर तुमचं-माझं डोकंसुद्धा लांब होईल."

"पण सर, दोन्ही बाजूंनी सारखं लांब झालंय. मातीनं एका बाजूला दबलं असतं."

"सांधलंय कोणी? तुम्ही. मापलंय कोणी? तुम्ही. सिद्धांत कोणाचा? तुमचाच." सरांनी रुमाल नाकाला लावला. "दुसऱ्या कोणाच्या हातून ते तसंच आलं तर बोला. मी डोळे मिटून सही करीन."

ते गेले. मी मामांकडे पाहिलं, मामा कपचे जुळवत होते. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं असं त्यांनी दाखवलं.

रागाच्या भरात माणूस कपाटं आवरतो. मी उत्खननाचं जुनं लोखंडी कपाट उघडायला घेतलं. त्याची किल्ली कधीच हरवलेली, मी पाना घालून कडीच उचकटली. आत वाळवीनं अर्धी खाल्लेली पुडकी होती आणि एका बिस्किटाच्या डब्यात फोटो. खड्ड्यातले काळे-पांढरे फोटो, शेजारी मापाची पट्टी, पाटीवर खडूनं नंबर. सहा वर्षं मी हे फोटो मागत होते आणि सहा वर्षं मला "ते नाहीत" असं सांगितलं जात होतं. शाब्बास!

नऊ नंबरचा फोटो मी खिडकीशी नेला. सतरा-अठरा वर्षांची मुलगी, कुशीवर झोपवलेली, गुडघे पोटाशी. डोक्याला भेगा होत्या, पण ते अजून विखुरलेलं नव्हतं. आणि डोकं लांब होतं. चांगलं हातभर नाही म्हणत मी, पण लांब होतं, माझ्या चौदा नंबरसारखं. मी फळीवरची नऊ नंबर खाली घेतली आणि फोटोशेजारी धरली. हातातली कवटी गोल होती, नारळासारखी.

मी फोटो आणि कवटी दोन्ही तशीच पलीकडच्या टेबलाशी नेली.

"मामा, हे बघा."

मामांनी चष्मा वर केला. फोटो पाहिला, कवटी पाहिली. "हां. नऊ नंबर. नदीकडच्या घरातली."

"फोटोत लांब आहे."

"लांब म्हणजे वाकडं होतं ते. दबलेलं. मी नीट केलं."

"नीट केलं?"

"मग? वाकडं कसं ठेवायचं? माणसाचं डोकं आहे ना ते."

माझा आवाज चढला. शेडबाहेर जाणाऱ्या कारकुनानं वळून पाहिलं इतका चढला. "मामा, कोणी सांगितलं होतं नीट करायला?"

"सांगायला कशाला लागतंय? हाताला कळतंय." मामा शांतपणे बोलत होते, आणि त्या शांतपणानंच माझं पित्त खवळत होतं. "माझी आई गावात बाळं-बाळंतिणी न्हाऊ घालायची. चाळीस दिवस. तेलाचा हात घेऊन बाळाचं डोकं आसं दोन्ही तळव्यांत धरायचं, कपाळ दाबायचं, मागनं गोल फिरवायचं. कुणाचं पोर वाकड्या डोक्याचं आलं तर ती म्हणायची, चाळीस दिवसांत बसवलं तर बसलं, नायतर जन्माचं. दोनशे तरी डोकी बसवली असतील तिनं. मी शेजारी गरम पाण्याचं भांडं धरून बसायचो. मग हे तुकडे हातात आले की..." त्यांनी रिकामे तळवे एकमेकांसमोर धरले. मध्ये गोल जागा राहिली.

"किती बसवलीत अशी? खरं सांगा."

मामांनी फळीकडे पाहिलं. "जेवढी वाकडी होती तेवढी. मोजली नाहीत."

मी स्टुलावर बसले. जिच्यासाठी मी सहा वर्षं डोकं फोडून घेतलं ती डोकी घडवायची चाल माझ्यापासून सहा फुटांवर, रोज दहा ते पाच, मस्टरवर सही करून चालली होती! हसावं की रडावं? मी दोन्ही न करता भांडायला लागले. तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही माझं वाटोळं केलंत म्हणाले, तुम्हाला या कामाला घेतलं कोणी म्हणाले. वीस वर्षं त्यांनी जे काम केलं त्याला मी कुंभारकाम म्हणाले.

मामांचा चेहरा उतरला. ते उठले, माझ्या टेबलाशी आले, आणि चौदा नंबरच्या टाळूवर एक बोट ठेवलं.

"बाई, रागावू नका. इथं हाड नाही. दोन बोटं प्लास्टर आहे. ते तुम्ही भरलंय."

"तिथला तुकडा मिळाला नव्हता."

"हां. मग दोन बोटं का भरलं? एक बोट भरलं आसतं तर?"

का ते मला ठाऊक होतं. एक बोट भरलं असतं तर चौदा नंबर गोल झाली असती. कडा झिजलेल्या असतात हो; दोन तुकड्यांच्या मध्ये काडीच्या गुलाएवढा खेळ राहतो, आणि एका कवटीत असे तीस-चाळीस सांधे. प्रत्येक सांध्यात हात किंचित इकडे ओढतो नाही तर तिकडे. माझा हात कुठं ओढत होता ते माझ्या हाताला माहीत होतं. मी त्याला कधी विचारलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले ते थेट माझ्यासमोर उभे राहिले.

"सर काय म्हणाले ते मी ऐकलंय. दुसऱ्याच्या हातनं तसंच आलं तर सही करतो म्हणाले. मग आसं करू. दोन्ही सोडवू. माझं नऊ नंबर तुम्ही बसवा, तुमचं चौदा मी बसवतो. मधी चादर लावू. बघायचं नाही, विचारायचं नाही."

मला त्यांची माफी मागायला हवी होती. मी म्हटलं, "चालेल."

गोंद विरघळवायला ॲसिटोनच्या दोन बादल्या भरल्या. सांधे सुटायला अर्धा दिवस लागला. नऊ नंबरच्या कपाळाचे तीन तुकडे मात्र एकमेकांना इतके घट्ट चिकटले होते की ते मी तसेच ठेवले. मग मध्ये दोरीवर मामांच्या घरची निळी चादर टांगली आणि आम्ही बसलो. आठवडाभर चादरीपलीकडून फक्त त्यांचा खोकला आणि कपबशीचा आवाज येत होता.

काय सांगू त्या आठवड्याचं! टेबल डुगडुगलं की सांधा सरकायचा. चिकटवायचं सोल्यूशन उन्हानं आधीच वाळायचं. तिसऱ्या दिवशी डावी बाजू पूर्ण झाली आणि मी उठताना स्टूल टेबलाला लागलं, सगळी पुन्हा वाळूत. मी परातीवर पालथी मूठ मारली, मग बसून पुन्हा तुकडे वेचले. आणि प्रत्येक शंकेच्या सांध्याशी मनात तेच यायचं: कुंदा, तुला हे लांब हवंय, म्हणून तू लांब ओढते आहेस. मग मी हात मागे घ्यायची. थोडा जास्तच घ्यायची. मामांना बोलले होते ते आठवायचं आणि आणखी थोडा घ्यायची.

एकतीस तारखेला सकाळी अकरा वाजता मामांनी चादर काढली.

माझ्या परातीत नऊ नंबर होती, गोल. त्यांच्या परातीत चौदा नंबर होती, लांब. टाळूवर ओलं प्लास्टर, बरोबर दोन बोटं.

तेवढ्यात दारात शिंक आली.

"झालं का?" सर रुमाल धरून चक्क आत आले. एकदा नऊकडे, एकदा चौदाकडे बघितलं. "हे कोणी केलं?" मामांनी चादरीची गोष्ट सांगितली. "अदलाबदल करून? न बघता?" त्यांचा चेहरा खुलला. "अहो रेगेबाई, मग आणखी काय हवं! नऊ गोल होती, तुमच्या हातूनही गोलच आली. चौदा लांब होती, यांच्या हातून लांबच आली. म्हणजे चौदा खरोखरच लांब आहे. एकच का असेना, पण पक्की! फॉर्म कुठाय?"

फॉर्म माझ्या पिशवीतच होता. सरांनी मामांच्या टेबलावर तो ठेवून सही केली, कारण माझं टेबल हलत होतं. "पाचच्या आत ऑफिसात द्या," म्हणाले, आणि शिंकत निघून गेले.

सहा वर्षं ज्या सहीसाठी मी जीव टाकला ती माझ्या हातात होती. शाई ओली होती. मी फॉर्मवर फुंकर मारली आणि पिशवी उचलली. दारापर्यंत गेलेसुद्धा.

"मामा," मी तिथूनच विचारलं, "चौदा बसवताना हात कुठं जात होता?"

मामा चादरीची घडी घालत होते. "जाऊ द्या ना बाई. सही झाली ना?"

"मामा."

त्यांनी घडी पुरी केली. "हात गोलाकडंच जात होता. मी जाऊ दिला नाही. तुमचं काम अडलंय, मुदत संपतीय, म्हटलं एक डोकं लांब राह्यलं तर काय बिघडतंय. टाळूला दोन बोटंच भरलं." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आणि नऊ?"

"फोटोत लांब आहे हे मला माहीत होतं," मी म्हटलं. "तरी गोल केली. तुम्हाला मी वाटेल ते बोलले होते."

बाहेर कोणीतरी सायकल लावली, घंटी वाजली. मला इतका संताप आला होता की डोळ्यांत पाणी आलं. स्वतःचा, मामांचा, सरांचा, आणि त्या मेल्या चौदा जणांचा, जे काही सांगायला तयार नव्हते. हा फॉर्म दिला तर कोणाला कळणार होतं? कोणालाच नाही. मला आणि मामांना सोडून. आणि मामा पुढच्या वर्षी निवृत्त होऊन आपल्या गावी, संगमनेरकडे जाणार होते.

मी परत आले आणि पिशवी स्टुलावर ठेवली. "ॲसिटोन शिल्लक आहे का?"

"बाई, पाच वाजता मुदत..."

"माहीत आहे. शिल्लक आहे का?"

मामांनी दोन्ही बादल्या ओढल्या. या वेळी काही शिल्लक ठेवायचं नाही म्हणून कपाळाचे तीन तुकडेही मी टाकले. चारच्या सुमाराला ते सुटले. मी चौदा नंबरचे तुकडे फडक्यावर मांडत होते, मामा नऊचे लाकडी काडीनं खरवडत होते. खरवडता खरवडता ते थांबले.

"बाई, इकडं या."

कपाळाच्या मधल्या तुकड्यावरून प्लास्टरची पातळ खपली निघाली होती. वरून मातीचा रंग दिलेली, इतकी बेमालूम की सहा वर्षं मी तिच्यावरून कॅलिपर फिरवला होता. खपलीखाली हाडात उथळ पन्हळ होती, बोटभर रुंद, आडवी. मामांनी दुसरा तुकडा खरवडला. त्याच्यावरही होती. तिसऱ्यावरही.

"खड्डा होता," मामा पुटपुटले. "बारा वर्षांपूर्वी. मीच भरला. म्हटलं, कपाळाला खड्डा बरा नाही दिसत."

मी तिन्ही तुकडे वेगवेगळे हातात घेऊन खिडकीशी पाहिले. सांध्याचा प्रश्नच नव्हता. एक तुकडा म्हणजे एक हाड. ते कोणी ओढू शकत नाही, ना मामा, ना मी, ना चार फूट माती. पन्हळीचा तळ गुळगुळीत होता. हाड वाढत असताना त्याच्यावर काहीतरी बांधलेलं होतं आणि हाड त्याच्या बाजूनं वाढत गेलं होतं. पुढे चार वर्षांनी माझा प्रबंध झाला तो या तुकड्यांवर आणि अशाच सुट्या तुकड्यांवर. नवीन नोंदणी, नवीन मार्गदर्शक. त्यात सांधलेली कवटी एकही नाही. पण त्या दुपारी हे काही माहीत नव्हतं. त्या दुपारी हातात होते तीन तुकडे, आणि एका डोक्यावर जिथं प्रबंध होत नाही तिथं तीन तुकड्यांवर कुठला व्हायला!

मामांनी मधला तुकडा घेतला आणि पन्हळीत अंगठा ठेवला. अंगठा नेमका बसला.

"पट्टी आहे ही," ते म्हणाले. "चाळीस दिवसांचं काम नव्हं. वरीसभर तरी बांधलं आसंल. रोज सोडायचं, तेल लावायचं, पुन्हा बांधायचं." मग म्हणाले, "पोर लई रडलं आसंल बघा. आणि आई म्हणत आसंल, थांब गं बाई, छान दिसशील."

सहा वर्षांत मी नऊ नंबरचं डोकं शंभर वेळा मोजलं होतं. तिला आई होती हे मला त्या दिवशी सुचलं.

"मामा, तुम्हाला बोलले ते..."

"ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "हे आता सांधायचं का?"

"नाही. असंच सुटं राहू द्या."

मामांनी तुकडा फडक्यावर ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहिले, महागड्या दुकानात लोक उभे राहतात तसे. मी वही उघडली, तुकडा एक म्हणून लिहिलं आणि कॅलिपर उचलला. टेबल डुगडुगलं. कॅलिपरचं टोक पन्हळीवरून घसरलं.

ऑफिसच्या बाजूनं पाचची घंटा झाली. मी पिशवीतून सही केलेला फॉर्म काढला, त्याची घडी घातली, आणखी एक घातली, आणि खाली वाकून तो टेबलाच्या आखूड पायाखाली सारला. मामांनी टेबलावर हात दाबून बघितलं.

"आता नाही हलत," ते म्हणाले.

मी माप घ्यायला लागले.